औषध नाही, वेळ घेते

उजवा हात वर करायचा, पंजा समोरच्याकडे, रिक्षा थांबवतात तसा, आणि म्हणायचं, "आधी एक गोष्ट ऐकून घ्या, मग पुढचं." आमच्या ताईची सुरुवात अशीच. समोर पाहुणा असो, बँकेतला साहेब असो, की सिलिंडर घेऊन आलेला माणूस. "मला वाचायला वेळ लागतो. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. डोकं ठीक आहे, अक्षरं बदमाश आहेत."

एवढं बोलून ती हसायची आणि कागद त्याच्याच हातात द्यायची. सिलिंडरवाला बिचारा घसा खाकरून, शाळेत उभं केल्यासारखा, पावती मोठ्याने वाचून दाखवायचा. जाताना खूश. त्याला इतकं मन लावून कोण ऐकणार होतं?

काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत मराठी यात्रेकरूंसाठी एक यात्री निवास आहे, तिथे ताई काउंटर सांभाळायची. मी स्वयंपाकघरात. आमच्या यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे मी परभणीकडून इथे आले. येताना सामान थोडं आणि भीती भरपूर. हिंदी येत नव्हती, आणि मराठी वाचायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. सातवीत गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितलं होतं, "पोरगी मठ्ठ आहे, घरकामाला बरी." वडिलांना ते पटलं. मलाही पटलं.

ताईचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. तिची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "वहिनी, चहा बनून गेला का?" मी म्हटलं, "बनून कुठे जाईल? इथंच आहे." त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुपारी भांडी झाली की ती कॉलेजच्या गोष्टी सांगायची. पहिल्याच तासाला तिने हात वर करून सगळं सांगून टाकलं, तर सर म्हणाले, "फिर यहाँ क्यों आई हो?" ही म्हणाली, "सीखने, सर. आता होता तो क्यों आती?" वर्ग हसला, मग सरही हसले, आणि पुढे तिला परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून ऑफिसात स्वतः गेले. एक मैत्रीण मात्र बरेच दिवस तिच्या बाटलीतलं पाणी पीत नव्हती. लागण होईल म्हणून! "मी तिला म्हटलं, पी गं बिनधास्त, झालंच तर दोघी मिळून नापास होऊ."

इथे नोकरी मागायला आली तेव्हा मालकांनी, म्हणजे काकांनी, काळजीने विचारलं होतं, "मग औषध काय घेतेस?"

"औषध नाही घेत, काका. वेळ घेते."

काकांनी वेळ दिला. ताई पाहुण्यांना चिठ्ठ्या लिहायला सांगायचीच नाही. जे काही असेल ते बोलून, फोनवर आवाज पाठवून. काम कुठे अडलेलं मी पाहिलं नाही.

आणि मी? माझ्याकडे चष्मा होता. म्हणजे नव्हता. पण कुणी काही वाचायला दिलं की मी म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." डाळीच्या पाकिटापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत सगळं त्या चष्म्यावर निभावलं होतं. ताईने बरेच महिने ऐकून घेतलं. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, तुमचा तो चष्मा एकदा बघायचाय मला. सोन्याचा आहे की काय? बाहेरच काढत नाही तुम्ही!"

मी मेथीत डोकं घातलं.

मग धोंडे आले. एकदा ताई तापाने घरी होती. काका म्हणाले, "वहिनी, स्टेशनवर जा, धोंड्यांना घेऊन या. फोनवर नाव आहे, पाटी लिहून न्या." नाही म्हणायची हिंमत झाली नाही. फोनवरची अक्षरं एकेक बघून, रेघेला रेघ जुळवून मी पाटी रंगवली आणि कँट स्टेशनवर उंच धरून उभी राहिले. रिक्षावाले जाता-येता हसत होते. एकजण म्हणाला, "का भउजी, घोड़वा कब आई?" मला वाटलं, इथल्या बोलीत नमस्कार घालत असेल. मीही हात जोडले.

एक मिशीवाले गृहस्थ पाटीपुढून गेले, आले, परत गेले. शेवटी म्हणाले, "यात्री निवासाचं नाव बरोबर आहे, बाई. पण आम्ही धोंडे. तुम्ही लिहिलंय, घोडे परिवार."

धचा घ झाला होता आणि डोक्यावरचं टिंब गळालं होतं. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "राहू द्या हो, कुणीतरी एकदाचं बरोबर लिहिलं!"

ती हसली, पण धोंड्यांनी काकांना फोन केला. काका एवढंच म्हणाले, "लक्ष कुठे असतं वहिनी तुमचं?" मी रात्रभर जागी. घरी कळेल, नोकरी जाईल, आणि पुन्हा तेच, मठ्ठ.

बरी होऊन आल्यावर ताईने पाटी बघितली आणि पोट धरून हसली. मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "हे घ आणि ध माझेही जुने दुश्मन आहेत, वहिनी." ती मला ओळखीच्या एका तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नाव सांगितलं, तेच, डिस्लेक्सिया. बाहेर येऊन मी म्हटलं, "निदान नाव तरी सोपं ठेवायचं होतं, आपल्याला लिहिता आलं असतं." दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. मग मी जरा रडले.

"काकांना तुम्ही सांगाल ना?" मी विचारलं.

"मी नाही. माझं मी सांगितलं. तुमचं तुम्ही." स्टेशनसाठी मात्र तिने आपली पिवळी छत्री मला दिली. पाहुण्यांना फोनवर सांगायचं, पिवळी छत्री बघा. छत्रीला कुठे ध आणि घ?

पुढे तिला नाशिकला चांगली नोकरी लागली. ताई गेली, आणि दोनच दिवसांनी काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, उद्यापासून काउंटर तुम्ही बघा."

मी कणीक मळत होते. "काका, माझा चष्मा..." इतकं तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि उजवा हात वर केला, कणकेने भरलेला, पंजा त्यांच्याकडे.

काका त्या हाताकडे बघत राहिले. मग हळूहळू हसू लागले. "अरे देवा. तुम्हीपण?"

मी मान हलवली.

"म्हणजे ते घोडे..." ते हसता हसता खुर्चीवर बसले. "असू द्या. औषध विचारत नाही मी आता. वेळ किती घ्याल तेवढं सांगा."

संध्याकाळी मी ताईला फोनवर आवाज पाठवला, "ताई, सांगितलं." मग एक फोटो आला. मागे कुठल्याशा नव्या ऑफिसची भिंत, आणि पुढे तिचा उजवा हात, पंजा माझ्याकडे. खाली एकही अक्षर नाही.

तो निरोप मला कुणाकडून वाचून घ्यावा लागला नाही.