टाच उचलायची भीती

"मॅडम, परत तुटलं तर?"

वैशालीने दोन्ही हातांनी बार घट्ट धरला होता. परळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न रोज ऐकते आणि ठणकावून उत्तर देते. त्या दिवशी मात्र माझीच खात्री नव्हती.

वैशाली नायगावची, कबड्डीची खेळाडू. चढाई करताना तिचं अकिलीस टेंडन तुटलं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. हे टाचेच्या मागचं. ऑपरेशन छान झालं. पायाला आधार देणारा खास बूट घालून हळूहळू पाय टेकवायला सांगितलं होतं. पण चाळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या आणि तिला खुर्चीसकट संडासापर्यंत उचलून नेलं. माया इतकी, की पोटरी पार वाळली.

"आराम केला तर जुळेलच ना, मॅडम?" तिच्या आईने विचारलं.

"जुळलंय, काकू. पण कामाशिवाय त्यात बळ येणार नाही. व्यायाम केला की स्नायू आयरिसिनसारखी हार्मोन्स रक्तात सोडतात. टेंडनमधल्या मूळ पेशी, म्हणजे नवे तंतू बनवणाऱ्या, त्यामुळे कामाला लागतात, असं प्रयोगशाळेत दिसतंय. माणसांत अजून पक्कं व्हायचंय. ताण मात्र द्यावाच लागतो, बेताने."

आमचे सर्जन राउंडवर आले. "आज टाचा उचलायला लावा."

"सर, पाय फारच कमजोर आहे."

"म्हणूनच. अजून थांबलात तर कायमची लंगडेल." आणि ते ओपीडीला निघून गेले.

वैशालीने टाचा उचलल्या. टक् असा आवाज आला. आईने धावत येऊन तिला धरलं.

"हाच आवाज होता, मॅडम. ग्राउंडवर तुटलं तेव्हा," वैशाली म्हणाली.

मी तिला धरून पलंगाशी नेलं. तिला पालथं झोपवलं. पोटरी दाबली की पाऊल हलायला हवं. टेंडन तुटलं असेल तर हलत नाही. मला दाबायचा धीर होईना. शेवटी दाबली. पाऊल हललं. तरी विश्वास बसेना, म्हणून सोनोग्राफी करून घेतली. टेंडन शाबूत होतं. पाय न हलवल्याने भोवती चिकटलेला पापुद्रा तेवढा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, आईचा खांदा धरून, पण चालत.

आता ती ग्राउंडवर पळते. चढाईला मात्र अजून जात नाही. भीती कुठल्या हार्मोनने जाते ते मला ठाऊक नाही. तोवर घाबरत घाबरतच टाच उचलायची, आणि उचलायला सांगणारीनेही घाबरत घाबरतच सांगायचं.