तेराव्या विभाजनानंतर

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी, चंद्रपूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राला आम्ही दोघीच मुली होतो. ती आलापल्लीची, वडील जंगल खात्यात मजूर. मी कॉन्व्हेंटमधली. फळमाशीच्या गर्भावर जो चांगलं बोलेल त्याला उन्हाळ्यात महिनाभर नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवू, असं सरांनी सांगितलं होतं. जागा एकच. ती मला हवी होती.

त्यावर सरांनी आणलेला इंग्रजी लेख माझ्याकडे होता. तिचं इंग्रजी अडायचं. होस्टेलच्या पायरीवर ती म्हणाली, "समजावून दे ना वो. मले अर्धंच समजून राह्यलं."

मीही अर्धंच समजावलं. अंड्यात आधी पेशी नसतात, नुसती केंद्रकं असतात आणि ती तेरा वेळा जवळजवळ एकदम दुभागतात. पुढे पेशी बनतात आणि प्रत्येक भागाची विभागायची वेळ वेगळी होते. ती वेळ जनुकांना चालू-बंद करणारी प्रथिनं ठरवतात. हे पुढचं मी गाळलं. ती मात्र लेखातल्या फोटोंची पानं पुन्हा पुन्हा उलटत बसली.

सेमिनारला ती आधी बोलली. "हिनं मले तेरापर्यंत सांगतलं. पुढचं मी फोटोत पाह्यलं. दर गर्भात दुभागणाऱ्या पेशींचे ठिपके त्याच जागी हायेत. आमच्याकडे जंगल तोडतात, तवा आधी गार्ड येऊन तोडायच्या झाडावर घणानं छाप मारते. छाप नाई, तर कुऱ्हाड नाई. इथी बी कोणी तरी आधी छाप मारून जात असन. या भागानं आता, त्या भागानं मंग."

"माशीच्या अंड्यात फॉरेस्ट गार्ड?" मागून कोणी तरी म्हणालं. वर्ग हसला, तीही हसली.

सर माझ्याकडे वळले. "छाप मारणारं कोण?"

"रेग्युलेटरी प्रोटीन्स, सर."

मग मी बोलले. सगळं बरोबर, जमिनीकडे बघत. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तिला जंगलात नेणाऱ्या तिच्या वडिलांचाही. माझ्या बाबांनी मला शब्दकोश घेऊन दिला होता.

जागा तिला मिळाली.

मी काय गाळलं, हे माझं बोलणं ऐकून तिला कळलंच असणार. तरी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. "नागपूरले सगळे इंग्रजीतच बोलतात म्हणे. तिथं जाईपर्यंत मले रोज थोडं शिकवशीन?"

"परीक्षा आहे," मी म्हणाले.

परीक्षा तिचीही होती. "बरं," म्हणून ती दार लोटून घेऊन गेली.