मामांना पूर दाखवायचा राहिला

मामांची शेवटची इच्छा मी मारली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरात कोणी मला तसं बोलत नाही. पण मला माहितीये, म्हणून इथे लिहितोय.

मामा नांदगावकडचे. बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे.

लोक सांगायचे, मोटर बिघडली. मामा पाइपासकट ती वर ओढायचे, खोलून बघायचे, तर मोटर ठणठणीत. खाली पाणीच नसायचं. मग ते गिऱ्हाइकाला सांगायचं काम त्यांच्याकडे. चाळीसेक वर्षं त्यांनी लोकांना हीच बातमी दिली.

मग किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणून मामा-मामी आमच्याकडे गंगापूर रोडला राहायला आले. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं. चहा, आमटी, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच.

मामा हसून म्हणाले, "जल्मभर टँकरवर काढलं, आता बाटलीवर काढू."

पावसाळ्यात लोक कुठून कुठून नाशिक बघायला येतात. पंचवटी, काळाराम, घाट. मामांनी नाशिक बघितलं ते हॉस्पिटलच्या खिडकीतून आणि रिक्षाच्या पडद्याच्या फटीतून.

त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. गंगेचा पूर.

आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. काठोकाठ भरलेली नदी त्यांनी टीव्ही सोडून कधी बघितलीच नव्हती.

आता आम्ही पूर कसा मोजतो ते बाहेरच्यांना सांगतो. घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी तिला कुठवर लागलं, त्यावर सगळं ठरतं. गुडघा म्हणजे नुसतं पाणी आलंय. कंबर म्हणजे पाऊस बरा आहे. छातीला लागलं की मग अस्सल नाशिककर गाडी काढून बघायला जातो.

धरणातून पाणी सोडलं की सोसायटीच्या ग्रुपवर मारुतीचे फोटो पडायचे. मामा रोज विचारायचे, कुठवर आलं?

मी म्हणायचो, गुडघ्यालाच आहे, त्यात काय बघायचं, छातीला लागू द्या, मग नेतो. वर ऐटीत सांगायचो की गुडघ्याच्या पाण्यात बाहेरगावचे लोक सेल्फी काढतात.

मामा ऐकून घ्यायचे. हा नाशिकचा आहे, याला कळतं, असं त्यांना वाटायचं.

एका सोमवारी पाणी कंबरेला लागलं. मामांचं त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. मी ऑफिसात होतो, आणि कंबरेसाठी कोण हाफ डे टाकतं? संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, अजून तसं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. तेव्हा कुठे मी मामांना घेऊन गंगेवर गेलो.

घाटावर सगळा चिखल. दुकानवाले फावड्यानं गाळ ओढत होते. कठड्यांना चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकलेलं. नदी परत आपली खाली गेलेली. भुरभुर चालू होती. मामा छत्री धरून पायरीवर बसले.

शेजारी फुलं विकणारी एक बाई टोपली पुसत होती. तिनं सहज म्हटलं, "बाबा, सोमवारी यायला पायजे व्हतं. ही पायरी दिसत नव्हती."

मामांनी मारुतीकडे बघितलं. कंबरेपर्यंत गाळाची ओली रेघ होती. मग माझ्याकडे बघितलं.

"पप्या, कंबरेला लागलं व्हतं, आन् तू मला बोलला नाय?"

मी म्हटलं, मामा, कंबर म्हणजे काही विशेष नसतं हो.

ते परत मारुतीकडे वळले.

"मला कुठं लय पायजे व्हतं. त्याच्या पायाला लागलं असतं तरी बघितलं असतं मी."

आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात नक्की. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाही ते कळलं. कोरड्या बोअरवर अजून पन्नास फूट खाली जाऊ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हलवत असतील, तशी त्यांनी मान हलवली.

तीन आठवड्यांनी गेले. आमच्याच घरी.

आदल्या दिवशी त्यांनी मामीकडे तांब्याभर पाणी मागितलं. मामीनं तांब्या भरून आणला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि चमच्यानं दोन घोट पाजले. त्या दिवसाचं लिटर संपलं होतं ना.

मामीनं भरलेला तांब्या तसाच आत नेऊन ठेवला.

माणूस जायला निघाला होता आणि मी माप बघत बसलो होतो. पुराच्या वेळी तेच, तेव्हाही तेच.

मित्रांनो, खाली 'तुझी चूक नाही' असं लिहू नका. मी वाचणार नाही.

मामा, श्रद्धांजली वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. नमस्कार तेवढा करतो. या आता.