रूळ आला, की आडवी!

चाक आणि रूळ यांच्यातील घर्षण हा माझ्या डॉक्टरेटचा विषय आहे. त्यामुळे सासूबाईंना सायकलवरून ट्रामचे रूळ ओलांडायला शिकवण्यास आमच्या घरात माझ्याइतकी पात्र व्यक्ती दुसरी नव्हती. (दुसरी व्यक्ती म्हणजे माझा नवरा अमेय. तो मोटारींच्या ब्रेकवर काम करतो आणि घरातही त्याच खात्याचा प्रमुख आहे.)

सासूबाई उन्हाळ्यासाठी सांगलीहून जर्मनीत, आमच्याकडे कार्ल्सरूहेला आल्या होत्या. सांगलीच्या वाचनालयात नोकरी करताना त्यांनी सगळे आयुष्य सायकलवर काढले. आता त्यांचा गुडघा चालताना कुरकुर करतो, पण सायकलवर बसला की शहाण्यासारखा गप्प राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्मिट यांच्याशी त्यांची मैत्री जमली होती. दोघींची समान भाषा एकही नव्हती. तरीही सासूबाईंनी दिलेले मेथीचे दाणे फ्राऊ श्मिट यांनी शहराच्या कडेला असलेल्या आपल्या छोट्या बागेत पेरले होते. ती मेथी उगवली का, हे सासूबाईंना स्वतः जाऊन पाहायचे होते. स्वतः, म्हणजे एकटीने. कोणाची सुट्टी, कोणाची सोबत, कोणाचा उपकार न घेता.

बागेच्या वाटेवर ट्रामचे रूळ आडवे येत होते.

"आई, ते रूळ तुला माहीत नाहीत," अमेय म्हणाला. "खोबणीत चाक अडकलं की संपलं! इथली पोरंसुद्धा पडतात."

"मग मी काय, उन्हाळाभर खिडकीतून पार्किंग बघू? सांगलीत एसटी, बैलगाडी आणि तुझे बाबा स्कूटरवर, तिघांच्या मधून सायकल काढलीये मी!"

शेवटी तह झाला. रविवारी सकाळी परीक्षा. सासूबाईंनी रूळ नीट ओलांडले, तर सायकलची किल्ली त्यांची. नाहीतर सायकल केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कुलूपबंद. परीक्षक अमेय. प्रशिक्षक मी.

माझे असे ठाम मत आहे, की सुरक्षिततेची सूचना जितकी लहान, तितकी ती संकटात आठवते. घर्षण गुणांक, ओले पोलाद, टायरची रुंदी हे सारे मी सासूबाईंना समजावून सांगितले आणि मग त्याचा अर्क काढला. रुळाला समांतर किंवा तिरके गेले की चाक खोबणीत शिरते. म्हणून सायकल रुळांच्या बरोबर आडव्या दिशेने न्यायची. इतकेच!

"थोडक्यात, आई, रूळ आला, की आडवी."

"आडवी?" सासूबाईंनी चष्मा पुसला. "पूर्ण?"

"पूर्ण! अर्धवट आडवी केलीत, तर पडलातच."

"नव्वद अंश?"

"गेनाऊ! अगदी नव्वद अंश!" मी हर्षभरित झाले. (इतका चौकस विद्यार्थी मला विद्यापीठातही मिळालेला नाही.) शिवाय मी आकृतीही काढून दाखवली. ती आकृती वरून पाहिल्याप्रमाणे होती आणि सासूबाई ती समोरून पाहिल्याप्रमाणे वाचत होत्या, ही बाब त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

रविवारी रस्ता रिकामा होता. अमेय पलीकडच्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभा. मी माझ्या सायकलवर, थोडी मागे. सासूबाई पंजाबी ड्रेसात, अंबाड्यावर हेल्मेट, अंगात पिवळे चमकते जाकीट. त्यांनी हात दाखवला, मागे पाहिले, घंटी वाजवली. काय तो तोल! मला अभिमानाने भरून आले.

रूळ आले. सासूबाईंनी ब्रेक दाबला, त्या उतरल्या आणि कमरेत वाकून, झोपलेल्या बाळाला ठेवावे तशा हळुवारपणे त्यांनी सायकल रुळांवर आडवी ठेवली. पूर्ण. नव्वद अंश. मग हात झटकून त्या माझ्याकडे वळल्या.

"झाली आडवी! आता?"

आता वळणावरून ट्राम येत होती.

"आई, उचल! उचल ती!" अमेय पलीकडून ओरडला.

"आधी ठरवा काय ते! ही म्हणते आडवी, तू म्हणतोस उचल!"

ट्राम बरीच लांब होती आणि चालिकेने पिवळे जाकीट केव्हाच पाहिले होते. गाडी हळू होत, घंटी वाजवत शांतपणे थांबली. म्हणजे प्रसंग इथेच संपायला हरकत नव्हती. पण प्रशिक्षकाने धावून जायला नको का? मी पेडल मारले आणि जवळच्या वाटेने, म्हणजे तिरक्या वाटेने, थेट सासूबाईंकडे सुटले. पुढचे चाक खोबणीत शिरले. त्यानंतर जे घडले, त्याचे समीकरण मला तोंडपाठ आहे.

आता रुळांवर दोन सायकली आडव्या होत्या आणि एक संशोधिका.

"अगं मृणाल!" सासूबाई माझ्याकडे धावल्या. "सायकल आडवी करायची होती ना? तू कशाला झालीस?"

ट्रामची चालिका खाली उतरली. मला लागले का, रुग्णवाहिका बोलावू का, असे तिने विचारले. मनगट दुखत होते, पण बोटे हलत होती. या नाजूक क्षणी अमेयला माझी बाजू सावरण्याची बुद्धी झाली.

"माझी बायको याच विषयावर संशोधन करते," त्याने तिला जर्मनमध्ये सांगितले. "चाक आणि रूळ."

चालिकेने माझ्याकडे पाहिले, सायकलकडे पाहिले. "आल्झो, असं आहे तर," ती समजूतदारपणे म्हणाली, "अजून बरंच बाकी असेल."

घरी आल्यावर अमेयने निकाल जाहीर केला, "सायकल केलरमध्ये."

हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून सासूबाई खुर्चीत बसून राहिल्या आणि खिडकीतून पार्किंगकडे पाहू लागल्या. मनगटावरच्या बर्फापेक्षा मला ते पाहणे अधिक बोचले.

"आई, पण सायकल कोणी रुळावर झोपवतं का?" मी न राहवून विचारले.

"मला वाटलं, इथली पद्धत असेल," त्या म्हणाल्या. "रिकाम्या बाटल्या रंग बघून वेगवेगळ्या डब्यांत टाकता. रविवारी भिंतीत खिळा ठोकू देत नाही. म्हटलं, रुळालाही दंडवत घालत असतील!"

मी हसले, आणि मग विचारात पडले. मराठीत आडवे जाणे वेगळे आणि आडवे होणे वेगळे. या दोन्हींच्या मधे मी एक म्हातारी आणि एक ट्राम उभी केली होती. रुळातली ती खोबण कोणाच्या वाईटावर नसते. ती दुसऱ्या चाकासाठी केलेली असते, इतकेच. एकाच रस्त्यावर ट्राम, मोटार, सायकल आणि गुडघा यांना नांदायचे असेल, तर शब्द तरी सर्वांना एकाच अर्थाने कळायला हवा. शिवाय एक प्रश्न मला सतावत होता: सायकल तळघरात ठेवून आम्ही सुरक्षित कोणाला करणार होतो? त्यांना, की ऑफिसात निश्चिंत बसू इच्छिणाऱ्या आम्हा दोघांना?

"अमेय," सासूबाई अचानक म्हणाल्या, "मी पडले का रे?"

"नाही."

"थांबले होते? मागे पाहिलं होतं?"

"हो, पण—"

"सांगितलं तेच केलं?"

"अक्षरशः!" मी मधे पडले. (मधे पडण्याचा त्या दिवशी मला चांगलाच सराव झाला होता.) "परीक्षार्थी उत्तीर्ण आहे. प्रश्नपत्रिका चुकली."

त्याच संध्याकाळी फेरपरीक्षा झाली. या वेळी मी आकृती काढली नाही. मी चौकात पायी उभी राहिले, हाताने दिशा दाखवली आणि म्हटले, "आई, सायकलवरून उतरू नका. रुळाकडे पाहू नका. समोरचा तो लाल दरवाजा दिसतो ना, नाकासमोर तिकडे." सासूबाई गेल्या. चाकाने दोनदा हलकेच टुकटुक केले आणि त्या पलीकडे! परत आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा त्या थांबतच नाहीत म्हटल्यावर अमेयने खिशातून किल्ली काढली.

बुधवारी त्या एकट्या बागेत गेल्या. बांधलेले मनगट सांभाळत मी घरून काम करत होते, म्हणजे फोनकडे पाहत होते. तो वाजला.

"पोचले गं. मेथी आलीये, वीतभर! फ्राऊ श्मिट विचारतायत, तुझा हात कसा आहे?"

"बरा आहे. पण त्यांना कसं कळलं? तुम्हाला तर जर्मन येत नाही!"

"भाषा कशाला लागते? करून दाखवलं मी. तू कशी सुटलीस, चाक कसं अडकलं, कशी आपटलीस." मागून कोणीतरी खो-खो हसत असल्याचे ऐकू येत होते. "शेजारच्या बागांतले लोकही जमलेत. पुन्हा करून दाखवा म्हणतायत, ठेव फोन!"

मी फोन ठेवला. परिषदांमधून इतकी सादरीकरणे केली, पण माझा विषय लोकांना एका फटक्यात समजला आणि त्यांनी तो पुन्हा पाहायला मागितला, असे पहिल्यांदाच घडत होते. आणि नेमक्या त्या वेळी व्यासपीठावर मी नव्हते.