चिंचेनं घासलेला डॉलर
तांब्याला चिंच लावली की तो आंबट वास नाकात शिरतो आणि मला चिंचणीतला एक ओटा आठवतो. तारापूरच्या आमच्या कॉलनीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी एकदा कनवटीचं फडकं सोडून चांदीचा जुना अमेरिकन डॉलर दाखवला होता. अणुकेंद्र बांधलं जात होतं तेव्हा त्यांची आई एका अमेरिकन बाईंकडे कामाला होती; मायदेशी परतताना त्या बाईंनी तो तिला दिला होता. गरुडाचं पीस न् पीस शाबूत, आणि वर इतक्या वर्षांत चढलेली निळी-जांभळी झाक. माझ्यासारखे नाणी जमवणारे त्या झाकेवर जीव टाकतात, कारण नाण्याची प्रत ठरवताना ती फार मोलाची असते. डॉलर मागून घ्यायचाच, असं ठरवून, आधी कळवून मी रविवारी भिंग घेऊन त्यांच्या चिंचणीच्या घरी गेलो. अंगणात बोंबील वाळत होते. मला ओट्यावर बसवून मावशींनी हसत मूठ उघडली. "तुमी पाव्हणे येणार, म्हणून सकाळीच चिंचेनं घासला. काळा पडला व्हता. आता कसा चकचकीत हाय बघा!" झाक पार गेली होती. भिंग मी खिशातच ठेवलं, "झकास," म्हणालो आणि चहा घेऊन परत आलो. आज माझी सगळी नाणी प्लास्टिकच्या डब्यांत हवाबंद आहेत, एकापेक्षा एक वरच्या प्रतीची. मी येणार म्हणून कुणी घासून ठेवलेलं मात्र त्यांत एकही नाही.