सासऱ्याचा जावई करून दाखवा!

जावयाला उपाशी ठेवायची पद्धत आमच्या घराण्यात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शिरोळकडं सध्या आमच्याबद्दल वेगळंच बोललं जातंय.

माझं शाहूपुरीत मोटरपंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि घर कळंब्याला. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून पेपरातलं अक्षरबदलाचं कोडं सोडवतो. (गिऱ्हाईक असलं तरी सोडवतो, असं आमच्या मंगलचं म्हणणं. बायकोचं किती मनावर घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.) खेळ साधा आहे. एक शब्द वर दिलेला, एक खाली. वरच्या शब्दातलं एकच अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट, बदलायचं आणि नवा शब्द करायचा. मग त्या शब्दातलं एक बदलायचं. असं करत करत खालच्या शब्दापर्यंत उतरायचं. मधला प्रत्येक शब्द खरा पाहिजे, मनचा चालत नाही. आणि अक्षरांच्या जागांची अदलाबदल करायची नाही. बास, एवढंच. एवढ्यावर चांगला शहाणा माणूस येडा होतो.

आमच्या स्नेहलचं लग्न शिरोळच्या संग्रामशी झालं. घरची उसाची शेती, पोरगा शेतकी पदवीधर, निर्व्यसनी, कामाला वाघ. खोट एकच. बोलत नाही! लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला त्याचे तीनच बोल आले होते: ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि ‘येतो, मामा’. आता मी पडलो बडबड्या. माझ्यासमोर कुणी गप्प बसलं की मी दुप्पट बोलतो. ह्या पोराला आपण आवडलोच नाही की काय, अशी रुखरुख लागून राहिली होती.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं आणि पुरणाचे धोंडे खायला घालायचे. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात विष्णू. आणि देवाच्या आधी घरात कुणी घास उचलायचा नाही. मंगल चार दिवस आधीपासून स्वयंपाकघरातच मुक्कामाला होती. स्नेहलनं नवऱ्याला बजावलं होतं, “आई लई आग्रह करती. सकाळी कायबी खाऊ नकोस.” तेव्हा तोही कडकडीत उपाशी आला होता. दिवस मावळायच्या आत त्याला परत निघायचं होतं, कारण रात्री शेतीची लाईट येणार होती आणि उसाला पाणी सोडायचं होतं.

पाट, रांगोळी, ओवाळणी, सगळं रीतसर झालं. ताटात धोंडे, कटाची आमटी, भजी, वरण-भात, तुपाची धार. मंगल म्हणाली, “पावणं, उखाणा घ्या की आता!” संग्रामचे कान लाल झाले. मान खाली गेली ती वर येईना. मला त्याची दया आली. (पुढचं सगळं ह्या दयेनं झालं.)

“उखाणा राहू दे गं,” मी म्हणालो. “मी पावण्यांस्नी एक कोडं घालतो.”

नियम सांगितले आणि नमुन्याला सोपं दिलं. “आज महिना पाळायचा म्हणून ताटात वरण हाय. तर मटणाचं वरण करा बघू!”

संग्रामनं ताटाकडं बघितलं. “मटण… मरण… वरण,” म्हणाला. आणि खदाखदा हसला! “बराबर हाय की, मामा! मटण सोडून वरणावर यायचं म्हंजे मधी मरणच!”

अहो, एवढं लांब वाक्य! माझ्यासमोर! मला असा आनंद झाला की विचारू नका. त्या भरात मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, “आता खरं कोडं! सासऱ्याचा जावई करून दाखवा! आणि सुटल्याबिगर घास तोंडात घालायचा न्हाई!”

आमच्याकडं असलं गमतीनं म्हणतात. शिरोळकडं म्हणत नसावेत. संग्रामनं पुरणात गेलेला हात मागं घेतला, धुतला आणि गुडघ्यावर ठेवला.

“ठरलं?” त्यानं विचारलं.

“ठरलं!”

“उत्तर हाय न्हवं, मामा?”

“म्हंजे काय! पाठ हाय!”

उत्तर माझ्याकडं नव्हतं. सासरा आणि जावई, दोन्ही तीन अक्षरी, ऐकायला झकास, म्हणून मी ते कोडं तिथल्या तिथं रचलं होतं. ते सुटतं की नाही हे देव जाणे. (देव पाटावर बसला होता आणि त्यालाही माहीत नव्हतं.)

पहिली दहा-पंधरा मिनिटं मजेत गेली. संग्रामनं सासऱ्याचा ‘कासरा’ केला. शेतकरी माणूस, बैलाच्या दोरीवर जाणारच. पण कासऱ्यापुढं त्याची गाडी अडली. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, “असं बघा. सासरा, आसरा, आरसा!”

“दोन अक्षरं हालली, मामा. जागा बदलायची न्हाई म्हणालासा तुमीच.”

“मी तुमची परीक्षा बघत होतो,” मी म्हणालो.

तूप थिजायला लागलं. भजी मऊ पडली. मंगलनं मला डोळ्यानं खुणावून स्वयंपाकघरात नेलं.

“उत्तर येतंय न्हवं तुमास्नी?”

“येतंय की! आता आठवंना झालंय.”

“म्हंजे येत न्हाई.”

“आठवंना आणि येत न्हाई, ह्यात फरक हाय, मंगल!”

“काय फरक न्हाई! जावा भाईर, मला येत न्हाई म्हणून सांगा, आणि पोराला जेवू द्या. उपाशी गेला तर शिरोळच्या ईनबाईला तोंड कसं दाखवू मी?”

तिचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण जावई पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलला होता. आता जाऊन, बाबा रे, मी नुसत्याच बाता मारल्या, असं कोणत्या तोंडानं सांगणार! मी बाहेर आलो आणि उदार होऊन म्हणालो, “पावणं, लई अवघड हाय, मला कल्पना हाय. हरलो म्हणा आणि जेवून घ्या.”

“न्हाई, मामा. हारलो म्हणायची आमच्यात सवय न्हाई.”

झालं! त्याला सवय नव्हती आणि मला तर जन्मापासून नव्हती. स्नेहल एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. भुकेनं तिचाही चेहरा उतरला होता. शेवटी तीच म्हणाली, “पप्पा, वरनं न्हाई तर खालनं या की. जावईपासनं उलटं चला.”

ही खरी युक्ती! वाचकहो, लिहून ठेवा. वरून वाट सापडत नसली की खालच्या शब्दाला धरायचं आणि त्याला लागून कोण कोण आहे ते बघायचं. संग्रामलाही ते पटलं. “पाइपलाइन खांदताना आमीबी दोन्हीकडनं खांदत येतोय,” म्हणाला. मग डोळे मिटून विचार केला आणि एकदम मोठ्यानं ओरडला, “जावळ!”

आत काहीतरी धाडकन पडलं. मंगल हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली, डोळ्यांत पाणी. जावळ म्हणजे तान्ह्या बाळाचे केस! “आगं बया! स्नेहल! खरंच काय गं? आणि मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?”

“आई! कोड्यातला शब्द हाय तो! जावईचं जावळ!”

मंगलनं डोळे पुसले आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पाटामागं सरकलो. नातवाचं सुख दिलं आणि काढून घेतलं, तेही भर जेवणात. वर त्या जावळापुढं कोड्यालाही वाट सापडेना!

अशा वेळी फोन वाजला. विहीणबाईंचा. त्यांचा आवाज असा खणखणीत, की फोन कानाला लावायची गरज पडत नाही.

“काय मग, ईनबाई! जेवला काय आमचा पोरगा?”

मंगलला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. “न्हाई अजून,” ती म्हणाली.

“आँ? ऊन कलायला लागलं की! अजून जेवाय घातलं न्हाईसा?”

“ह्यांनी कोडं घातलंय. सुटल्याबिगर जेवायचं न्हाई म्हणून बसलाय तो.”

मला वाटलं, संपलं. सोयरीक गेली. पण विहीणबाई म्हणाल्या, “कसलं कोडं? मला सांगा बघू!”

फोन ताटाशेजारी उभा करून ठेवला. स्नेहलनं नियम सांगितले. आता आम्ही पाच जण त्या दोन शब्दांवर तुटून पडलो. ‘जावक’ मला सापडलं, आणि सांगताना माझी छाती फुगली. दुकानात आवक-जावक लिहिता लिहिता केस पांढरे झालेत माझे. जावईचं जावक, जावकचं आवक! स्नेहलनं आवकचं ‘आवर’ केलं. मंगल म्हणाली, “वरनं सासऱ्याचं सासर होतंय की! त्यात एवढं काय हाय!” चिडलेली असताना तिचं डोकं फार चालतं. मधे एकच शब्द राहिला. वर सासर, खाली आवर, आणि मधला दुवा काही केल्या सापडेना.

संग्राम बोटं मोडत होता. मी छताकडं बघत होतो. तेवढ्यात फोनमधून आरोळी आली.

“सावर! आमच्या बांधावर न्हाई काय ते काट्याचं झाड, लाल फुलांचं! काटेसावर! तेची सावर!”

सासरा, सासर, सावर, आवर, आवक, जावक, जावई! स्नेहलनं टाळ्या वाजवल्या. मंगलनं देवाला हात जोडले आणि धोंडे गरम करायला आत पळाली. संग्राम जेवायला बसला तो असा जेवला, की मंगलची चार दिवसांची मेहनत एका बैठकीत वसूल झाली. आम्हीही जेवलो. आणि गंमत म्हणजे सगळे एकदम बोलत होतो, तोही.

निघताना गाडीची किल्ली हातात घेऊन तो म्हणाला, “मामा, एक इचारू? उत्तर येत नव्हतं न्हवं तुमास्नी?”

मी मंगलकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती.

“पाठ हाय म्हणालासा तवाच कळलंतं मला,” संग्राम हसत म्हणाला. “तुमी येत न्हाई म्हणायची वाट बघत बसलोतो. म्हणला असता तर लगीच जेवलो असतो की!”

त्याला मी आवडतो की नाही, हा प्रश्न त्या हसण्यानं मिटला. पण सगळ्या शिरोळात ती गोष्ट जाऊन पोचली, आणि माझं नाव ‘कोडंवालं पावणं’ पडलं. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं. पुन्हा असा पेच आला तर ताणायचं नाही. चारचौघांत, मोठ्यानं, सरळ हार मानायची.

महिना सरला आणि व्याह्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. पंगतीत घरचे, भावकीतले, शेजारचे, सगळे मला बघायलाच बसले होते. मी पहिला घास मोडला, एवढ्यात विहीणबाई येऊन समोर उभ्या राहिल्या. “पावणं, एक इचारायचं हुतं,” त्या म्हणाल्या.

मी घास ताटात टाकला, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडलो, “हरलो, ईनबाई! मला उत्तर येत न्हाई! साफ हरलो!”

संग्रामला ठसका लागला.

“अवो, मी लिंबू पायजे काय म्हणून इचारत हुते,” विहीणबाई म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदा हार मानली, ती लिंबाच्या फोडीपुढं!