गेट कोणासाठी?

११ एप्रिल. आजचं काम : वालावलजवळच्या गुहेला बसवलेलं गेट तपासणे, कुलूप लावणे, किल्ली जागेच्या मालकीण सुमतीकाकींना देणे. जेवणापर्यंत आटपेल, असं मी तिन्ही स्वयंसेवकांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

कोल्हापूरहून निघालो. फोंडा घाटात दोघांना गाडी लागली. कणकवलीचा नाश्ता बोंबलला. कसालच्या वेल्डरला, बबनला, फोन केला. "सकाळीच बसवलंय बाई, एकदम झकास!"

गुहा काकींच्या काजूच्या बागेत, जांभ्या कातळात. आत शेकडो वटवाघळं, या दिवसांत पिल्लांसकट. हौशी मंडळी टेंभे पेटवून व्हिडिओ काढतात, म्हणून हे गेट. मी नकाशा दिला होता : आडवे गज, मधे सहा इंच फट.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. बबन आणि काकी गेटपाशी वाट बघत होते. समोर उभे गज, मधोमध कमळ आणि वरपासून खालपर्यंत बारीक जाळी.

"जाळी कशाला?"

"माझ्या मनान लावलंय," बबन खुशीत म्हणाला. "आता एक वाघूळ आत जावचा नाय!"

"आणि आत आहेत ती?"

"आत आसत?" त्याचा चेहरा पडला. "मगे गेट कित्याक (कशाला)?"

"माणसांना अडवायला!"

"मेल्या," काकी म्हणाल्या, "गुहेक डासांची जाळी मारलंस!"

अंधार पडायच्या आत जाळी निघाली नाही, तर वटवाघळं उपाशी आणि पिल्लंही. ग्राइंडर होता, वीज नव्हती. सिमेंट मात्र अजून ओलं होतं. पहार लावून, सहाजणांनी ओढून, चौकटीसकट गेट उपटलं. माझा अंगठा चेचला. तोवर तिन्हीसांज झाली होती; लगेच डोक्यावरून फडफड सुरू झाली.

"बाबारे, इतकी!" बबन खाली बसून बघत होता.

काकींकडे काजूगरांची उसळ आणि घावणे खाताना नकाशा पुन्हा उघडला. इंच सगळे लिहिले होते. आत कोण राहतं, ते कुठेच नव्हतं. संध्याकाळभर बबनवर ज्यासाठी ओरडले, ती चूक निम्मी माझी होती.

उघड्या गुहेवर राखणीला तिघांना बसवून दुसऱ्या दिवशी सकाळी कसाल गाठलं. बबनच्या शेडमध्ये जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं गेट काढलं आणि फटीतून बाहेर पडणारं एक वटवाघूळ.

"उंदीर दिसता," बबन म्हणाला.

"उडणारा आहे. गज काप."

पहिले दोन गज आडवे जोडून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.